बहिणीने लपवलं, असं तू लिहून दिलंस

मंठा
रविवार, १६ मार्च २०२५

दादा,

नमस्कार. आम्ही तिघं बरे आहोत. मायचे गुडघे कसे आहेत? मागच्या आठवड्यात फोनवर म्हणत होती की नव्या मलमानं फरक पडून राह्यला. शीतल वहिनीला सांग, तिनं पाठवलेल्या शेवया पायलनं दोन दिवसांत संपवल्या. तुझ्या मेहुण्याच्या, कल्याणच्या, वाइंडिंगच्या दुकानात गर्दी आहे. उन्हाळा लागला की विहिरीवरच्या मोटारी जळतात, अन् प्रत्येकाला ती कालच भरून पाहिजे असते. माझ्याकडे यंदा दुसरीचा वर्ग आहे. पोरं गुणी आहेत.

झालं. एवढंच गोड लिहिता येतं मला.

फोन लावला की तू "गिऱ्हाईक बसलंय" म्हणून ठेवून देतोस. आणि समोर येऊन बोलायची माझी तयारी नाही. म्हणून पत्र. तू विम्याचा माणूस आहेस, कागदावर लिहिलेलं तरी नीट वाचशील.

येत्या आठ-दहा दिवसांत तुला कंपनीकडून एक पाकीट येईल. ते फोडण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहितेय. मी विमा लोकपालांकडे तक्रार केली होती. निकाल लागला. माझा क्लेम मंजूर करा असा कंपनीला हुकूम झाला, आणि एजंट म्हणून तुझी चौकशी करायलाही सांगितलंय. तक्रारीत तुझं नाव मीच लिहिलं. कल्याणनं नाही, वकिलानं नाही. मी.

आता तू मायला सांगशील की बहिणीनं पोटावर पाय दिला. सांग. पण आधी काय झालं ते एकदा सरळ ओळीनं वाच.

फेब्रुवारी २०२०. तू आमच्या घरी आलास, पोह्यांची बशी बाजूला सारून फॉर्म पुढे घेतलास. म्हणालास, "सगळं कव्हर आहे यात. भरती, गोळ्या, डॉक्टरची फी, सगळं." मग एकेक प्रश्न वाचत गेलास. शुगर? नाही. बीपी? नाही. मानसिक आजार, त्याच्या गोळ्या?

मी म्हणाले, "आहेत ना दादा. पायल झाली तेव्हापासून रोज एक."

तू पेन थांबवलंस. "येडी का तू? असं लिव्हलं तर पॉलिसी होत न्हाई. अन् तुह्या सासरी कळलं मंग? बहीण येडी हाय म्हणून गावभर होईल."

आणि 'नाही'वर खूण केलीस.

मला झोप लागली नाही त्या गोष्टीनं. दुसऱ्या दिवशी मी तुला मोबाईलवर विचारलं, गोळ्यांचं लिहायला पाहिजे होतं का? तू बोलून मेसेज पाठवलास: "गोळ्यांचं काही टेन्शन घेऊ नको, मी बराबर केलंय ते. कंपनीला कळत न्हाई. तू फक्त सही कर." मी सही केली. ती माझी चूक, आणि ती मी कुणापासून लपवलेली नाही.

गेल्या वर्षी जूनमध्ये काय झालं ते तुला अर्धंच माहीत आहे. शाळा सुरू होऊन तिसरा दिवस होता. फळ्यावर तारीख लिहायला गेले आणि खडू हातात धरून उभी राहिले. किती वेळ, कुणास ठाऊक. पोरं आधी हसली, मग एक रडायला लागलं. त्या आठवड्यात कल्याणला मी न्हाणीघरात नळ सोडून बसलेली सापडले. पाणी उंबऱ्याबाहेर आलं होतं आणि मला ते दिसत होतं, पण उठावंसं वाटत नव्हतं. संभाजीनगरच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, हिला घरी ठेवू नका. नऊ दिवस भरती होते. तू एकदा आलास, संत्री ठेवलीस, आणि खुर्चीत न बसताच गेलास.

क्लेम नामंजूर झाल्याचं पत्र ऑगस्टमध्ये आलं. "पूर्वीचा आजार लपवला." भरतीचं गेलं ते गेलंच, पण पॉलिसीत समुपदेशन होतं, दर महिन्याची तपासणी अन् गोळ्याही होत्या. तेही बंद. समुपदेशनाच्या संध्या मॅडमकडे माझ्या बोलायच्या बैठका चालू होत्या. बारा सांगितल्या होत्या, चार झाल्या होत्या. चौथ्या वेळी मी पहिल्यांदा मोकळी रडले होते. मॅडम म्हणाल्या, आता खरं काम सुरू होईल. त्यानंतर मी गेलेच नाही. कल्याणला म्हणाले, बरं वाटतंय आता. गोळ्या ब्लेडनं अर्ध्या करून खायला लागले. दिवाळीपर्यंत परत तसंच व्हायला लागलं. कल्याणनं ते अर्धे तुकडे डबीत पाहिले आणि लग्नानंतर पहिल्यांदा माझ्यावर ओरडला. "तुला मरायचं हाय का? मी काय मेलोय का?" असं म्हणाला आणि मग स्वतःच बाहेर ओट्यावर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी त्यानं मला गाडीवर बसवून संभाजीनगरला नेलं.

तोपर्यंत तुझ्यावर मी चिडलेसुद्धा नव्हते, दादा. मला वाटायचं, चुकला असेल. भीतीपोटी केलं असेल.

मग मी आधी कंपनीकडेच केलेल्या तक्रारीचं उत्तर आलं. सोबत कागद जोडले होते. त्यात एक तुझा होता. तुझं अक्षर मी लहानपणापासून ओळखते. माझ्या वह्यांवर नाव तूच घालून द्यायचास. "सदर आजार माझ्या बहिणीने माझ्यापासून व कंपनीपासून लपवून ठेवला. मला याची कोणतीही माहिती नव्हती. लहानपणापासून तिला खोटे बोलण्याची सवय आहे." खाली सही. काकासाहेब, विमा प्रतिनिधी, राजूर.

वाचताना माझ्या तोंडात कडू पाणी आलं. खरं सांगते, मोरीत जाऊन ओकले. राग आला असता तर बरं होतं, रागात माणूस भांडतो तरी. ही नुसती शिसारी होती. वरणात झुरळ निघावं तशी. त्यानंतर कितीतरी दिवस तुझा फोन नंबर दिसला की मी मोबाईल पालथा घालायचे. पहिली ओळ तू भीतीनं लिहिलीस, मान्य. लायसन जाईल म्हणून. पण ती शेवटची ओळ? ती तुला कुणी विचारली होती? कंपनीकडून चौकशीला आलेल्या माणसानं तर विचारली नसेल. ती तू आपल्या मनानं घातलीस, पक्कं व्हावं म्हणून.

त्याच आठवड्यात मी जुना मोबाईल चार्ज करून तुझा तो मेसेज शोधला. होता.

मग लोकपालांकडे तक्रार केली, तुझं नाव घालून. सुनावणी कल्याणच्या दुकानातून, मोबाईलवरच झाली. त्यानं शटर अर्धं खाली ओढलं, गिऱ्हाईकांना तासाभरानं या म्हणाला. पडद्यावर लोकपाल साहेब आणि कंपनीचा एक माणूस. साहेबांनी तुझा आवाज दोनदा ऐकला.

"हा आवाज कोणाचा?"

"माझ्या भावाचा."

"पॉलिसीचे एजंट तेच?"

"होय."

"तुम्ही फॉर्म भरताना त्यांना गोळ्यांबद्दल सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं. पण खोट्यावर सही मी केली, साहेब."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग त्यांनी कंपनीच्या माणसाला विचारलं, हिनं आजार खरा लिहिला असता तर? तो कागद चाळून म्हणाला, "जुन्या आजारासाठी चार वर्षं थांबावं लागतं सर. ती मुदत भरतीच्या आधी चार महिने संपली होती. क्लेम मिळाला असता."

ऐकलंस ना? खरं लिहिलं असतं तर सगळं मिळालं असतं. 'पॉलिसी होत न्हाई' म्हणालास ना तू? झाली असती. तुला ते माहीत नव्हतं की माहीत करून घ्यायचं नव्हतं, ते तुझं तुला ठाऊक.

हात दुखायला लागला. पायलला गणितं घालून द्यायची आहेत. उद्या पुरं करते.

सोमवार, शाळेतून आल्यावर

काल पत्र इथंच संपवणार होते. पाकीटही आणलं होतं. पण आज वर्गात सारखं डोक्यात येत राहिलं की जे लिहायला बसले होते तेच लिहिलं नाही.

जानेवारीत मी संभाजीनगरच्या दवाखान्यात तपासणीला गेले होते. बाकड्यावर बसले होते, स्वेटर, मफलर, बरीच माणसं. कंपाउंडरनं नाव पुकारलं, "तातेराव!" आपल्या बापाचं नाव. तो जाऊन अकरा वर्षं झाली, तरी माझी मान वर झाली. आणि कोपऱ्यातला एक माणूस उठला.

तू होतास.

टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. हातात मेडिकलची पिशवी, जुनी फाईल. फाईल जाड होती दादा. एका महिन्यात एवढी जाड होत नाही. तू आत गेलास, आणि मी बायकांच्या संडासात जाऊन कडी लावली. तू जाईपर्यंत तिथंच उभी होते.

तिथं मला काय वाटलं ते सांगते. आधी आनंद झाला. खरंच. बरं झालं, म्हटलं, भोग आता. आणि लगेच स्वतःचीच एवढी घाण वाटली की तोंड धुऊन धुऊन गाल हुळहुळले. मग वाटलं, म्हणजे याला सगळं कळत होतं. झोप न येणं म्हणजे काय, भिंतीकडे बघत बसणं म्हणजे काय. कळूनसुद्धा यानं ती ओळ लिहिली. आणि स्वतःसाठी मेलेल्या बापाचं नाव वापरलं, कुठल्या कागदावर आपलं येऊ नये म्हणून.

मला तुझ्याविषयी जेवढी किळस वाटली, तेवढीच कीव आली. दोन्ही एकमेकांत कालवल्यासारखं झालंय आणि मला ते वेगळं करता येत नाही. तू बाकड्यावरून उठलास तेव्हा पिशवी हातात थरथरत होती. गोळ्यांनी होतं ते. डॉक्टर मॅडमना सांग, त्या बदलून देतात. अंगावर काढू नकोस.

सुनावणीत मी बोलले असते की हा एजंट स्वतः मेलेल्या माणसाच्या नावावर गोळ्या घेतो, तर तुझं लायसन त्याच दिवशी गेलं असतं. ओठापर्यंत आलं होतं. बोलले नाही. कल्याणलाही सांगितलेलं नाही. मायला नाही. वहिनीला माहीत आहे की नाही, मला कळायला मार्ग नाही, म्हणून हे पाकीट घरी न पाठवता तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकतेय. वाचून फाडून टाक. पण वहिनीला सांग. ती रडेल, चार दिवस अबोला धरेल, पण गावभर करणार नाही. गावभर होईल ही भीती आपल्या दोघांच्या डोक्यातली आहे, तिच्या नाही.

याला माफी समजू नकोस. चौकशीला तू काय लिहून देशील ते दे. मी माझी तक्रार मागं घेणार नाही. पुढच्या महिन्यात मायला आठ दिवस इकडे आणणार आहे. कल्याण येईल न्यायला, मी येणार नाही. तुझ्या दारात उभं राहण्याइतकं पोट अजून स्थिर झालेलं नाही.

माझ्या बोलायच्या बैठका परत सुरू झाल्या आहेत. संध्या मॅडम चांगल्या आहेत, हवं तर त्यांच्याकडेच जा. माझ्याविषयी काय बोलायचं ते बोल. त्या मला सांगणार नाहीत, तुझं मला कळणार नाही.

माझा वार शुक्रवार आहे. तू दुसरा कुठलाही धर.

वंदना