मेहरूणच्या बोरीची काडी

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी बोरांचे दिवस आले की मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडायला बसते. मेहरूणच्या आपल्या मळ्यातली विहिरीजवळची जुनी बोर आठवते ना? गोटीएवढं गोल फळ, साल इतकी पातळ की दात लागायच्या आधी फुटायची. पिवळं असताना आंबटगोड, आणि तांबूस डाग चढले की नुसती साखर. बी लहान, गर भरपूर. संक्रांतीच्या आधी आई झाडाखाली गोधडी अंथरायची, तुम्ही फांद्या हलवायचात आणि मी काटे चुकवत वेचायचे. भाऊ शिकायला भुसावळला, म्हणून त्या झाडाला पाणी घालायचं काम माझंच होतं.

लग्न होऊन मी अमळनेरकडे गेले. पहिल्या अखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी आले तेव्हा मोठ्या हौसेनं म्हटलं, "आबा, तिकडे बांधावर रानबोर आहे. पावसाळ्यात तिच्यावर आपल्या बोरीचा डोळा भरून कलम करावं म्हणते. काड्या द्याल?" तुम्ही पानाला चुना लावत होतात. वरही न बघता म्हणालात, "तू आते दुसराना घरनी. हाई बोर आपला घरनी शे." आई चुलीपुढे भाकरी थापत राहिली. मी जेवले. पण तो घास पाहुणीचा होता, हे मला तेव्हाच कळलं.

पुढे बाजारात मोठ्या बोरांना उठाव आला, आणि भावानं जुनी झाडं तोडून उमराणची कलमं लावली. विहिरीजवळचीही सोडली नाही. तुम्ही अडवलं नाहीत. तो घरचा होता.

शेवटच्या आजारात तुमच्या तोंडाची चव गेली. मी उशाशी बसलेली, तर माझा हात धरून म्हणालात, "आपली बोरे लई ये ना, माय." मी भावाच्या झाडाचं भलंमोठं बोर आणून, चिरून तुम्हाला भरवलं. तुम्ही चावलंत आणि थुंकून टाकलंत. "हाई नही."

"आता हीच आहेत, आबा," मी म्हटलं आणि तुमचं तोंड पुसलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. आता काहीतरी बोलाल, असं वाटलं. तुम्ही कूस बदललीत.

तुम्ही गेलात तेव्हा मी आवरेना इतकी रडले. बायका म्हणाल्या, लेकीचा बापावर फार जीव. हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिते: मी त्या झाडासाठी रडत होते. तुमच्यासाठी रडू अजून आलेलं नाही.