मावशी, घोटा चोळू नकोस

मावशी,

आईच्या दहाव्यासाठी दादा आणि मी गंगेवर जातोय. तुला मुद्दामच उठवलं नाही. उठवलं असतं तर तू आमच्या आधी अनवाणी घाटाच्या पायऱ्या उतरली असतीस.

काल तू साडीच्या काठाखाली घोटा झाकलास, पण सूज मी पाहिली. "नुसती लचक आहे गं. हाड मोडलं असतं तर उभी तरी राहिले असते का?" आईही हेच म्हणायची आणि ओट्याशी उभी राहून पोळ्या लाटायची. तेव्हाही आपण लचकच समजून रोज तेल चोळत राहिलो. प्लास्टर घातलं तोवर उशीर झाला होता. पुढे ऑपरेशन केलं, तर इतक्या ठिसूळ हाडात स्क्रूही धरेनात. हाड शेवटपर्यंत जुळलं नाही, जखम चिघळत गेली. पुढचं तुला ठाऊक आहे.

तेलाची बाटली मी उचलून ठेवली आहे. आईचा वॉकर दादा परत देणार होता, तो मी ठेवून घेतला. तुझ्या उंचीला खाली करून पलंगाशी ठेवलाय. बाथरूमलाही त्याच्याशिवाय जाऊ नकोस. चहा थर्मासमध्ये आहे.

पिंडाला कावळा शिवला नाही, तर आईचा जीव कशात अडकलाय ते मला ठाऊक आहे. धाकट्या बहिणीला आज दुपारीच एक्स-रेला नेते, असा शब्द मी तिला देणार आहे. कावळा लगेच शिवला तरी देणार आहे. तेवढा मला पाळू दे.

रेवती