फ्रेहा मावशीच्या दारात तीस पोरं

९ एप्रिल
आलं एकदाचं नवं पाठ्यपुस्तक! आपल्या मोरोक्कोतल्या ज्यूंवर अख्खा धडा! ज्यूंचा द्वेष शाळेपासूनच निपटून काढायचा, असं सरकारनं मनावर घेतलंय. हेडमास्तर लहसन मात्र घाबरट. "बतूल, पालक ओरडतील. एकदा वाच आणि पान उलट."

पान उलटणारी मी नव्हे! गावात ज्यू म्हणून एकच उरलीय – शाळेमागची फ्रेहा मावशी. तिच्या भिंतीवर कुणी मेल्यानं घाण लिहिल्यापासून मुलगा मॉन्ट्रियलहून रोज फोन करतो – घर विक, इकडे ये. तिला जाऊ द्यायचं नाही. बस्स.

१२ एप्रिल
आजपासून तिचा वल्हांडणाचा सण. आठ दिवस घरात पीठ नाही, खमीर नाही, पाव नाही. सण संपला की त्याच संध्याकाळी आम्ही मुसलमान शेजाऱ्यांनी पीठ, खमीर, दूध, मध घेऊन जायचं. आमची आई न चुकता जायची. मग तिथेच गरम पोळ्या, वर लोणी-मध!

यंदा अख्खा वर्ग नेणार. शिक्षणाधिकारीही येताहेत. लहसनचं तोंड बघण्यासारखं झालं!

१९ एप्रिल
फजिती! तीस पोरं, पिठाच्या पिशव्या, साहेब, फोटोवाला. पोरांनी दार नुसतं बडवलं. आत दिवा दिसतोय – दार उघडेना. शेजारचा न्हावी पोट धरून हसला. "अहो बाई, सण उद्या संपतोय! आज पीठ घेऊन आलात तिच्या दारात?"

मी फोनवर बघितलेली तारीख इस्रायलची. तिकडे सण एक दिवस कमी! साहेब म्हणाले, "हेतू चांगला होता," आणि गाडीत बसले.

शरमेनं मेले. पण असो. तारीख चुकली म्हणून कुणी गाव सोडत नाही. उद्या एकटी जाईन, माफी मागेन, पोळ्या खाऊन येईन.

२० एप्रिल
गेले. तीनदा "कोण?" विचारून तिनं दार उघडलं. "मावशी, काल तारीख चुकली हो."

"तारखेचं काय घेऊन बसलीस! मी अठरा वर्षांची होते, तिकडे इस्रायलात लढाई पेटली होती. तेव्हाही अशीच गर्दी दार बडवत होती. पीठ नव्हतं आणलं त्यांनी. काल कपाटामागे बसून होते मी, या वयात."

मी हातातली पिठाची पिशवी खाली ठेवली.

"आहे का गं हे तुझ्या धड्यात?"

"नाही."

"मग उद्या मीच येते वर्गात, सांगते. जायचं की राहायचं ते नंतर बघू." ताटलीत पोळी वाढता वाढता थांबली. "दाराशी गर्दी नको हं. पोरं खाली बसलेली असतील ना गं सगळी?"

असतील, म्हटलं.