उजव्या कुंपणाखालची जमीन

मी, बर्नडीन ओल्शेफ्स्की, वय एक्क्याऐंशी, निवृत्त शिक्षिका, राहणार हार्लन्स फोर्ड, पेन्सिल्वेनिया, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचं विचारत नाही.

१. राहतं घर भाची रोझलीला. पडदे मात्र तिच्या नवऱ्याने निवडू नयेत.

२. बँकेतली शिल्लक कॉन्व्हेंटच्या सिस्टरांना. त्यांनी मला व्याकरण आणि राग गिळणं शिकवलं. व्याकरण टिकलं.

३. बेसबॉल मैदानाच्या उजव्या कुंपणाखालची जमीन वडिलांकडून माझ्याकडे आली. त्या कुंपणावर आमच्या गावच्या 'मायनर्स' नावाच्या संघासाठी सर्वाधिक हिट, म्हणजे यशस्वी फटके, मारणाऱ्यांची नावं होती. सर्वांत वर वॉल्टर ओल्शेफ्स्की: अकरा हंगाम, १,२०६ हिट. हा माझा नवरा. पुढे तो ओहायोतल्या संघात गेला, तिथल्या तिकीटवालीसाठी. घटस्फोट चर्चने मानला नाही, त्याने मानला. ओहायोतले हिट आम्ही इथे धरले नाहीत, आणि तेच योग्य.

या वर्षी नवे मालक श्री. गॅलवे यांनी संघाचं नाव कॉमेट्स केलं आणि कुंपणावर पांढरा रंग फासला. मी जाब विचारला.

"अहो बाई, नवं नाव, नवा संघ. विक्रम आता शून्यापासून."

"लग्नात माझंही नाव बदललं. माझं वय तेव्हापासून मोजायचं का?"

"तुम्हाला टाकून गेलेल्या माणसासाठी कशाला भांडता?"

"फसवलं त्याने मला. हिट खरे होते."

वॉल्टर आता इथल्याच वृद्धाश्रमात आहे. रोझली तिथे नर्स आहे. ती सांगते, शेजारच्या खाटेवरचा म्हातारा त्याला रोज चिडवतो, "थापाड्या, कुठंय रे तुझं नाव?" वॉल्टर भिंतीकडे तोंड करून पडतो. हे ऐकून ऐकून मी थकले आहे.

४. म्हणून ही जमीन संघाला द्यावी, पण माझ्या मृत्यूनंतर महिन्याभरात सगळी नावं आकड्यांसह पुन्हा रंगवली तरच. नाहीतर सिस्टरांनी तिथे कोबी लावावा.

५. रंग वाळला की रोझलीने वॉल्टरला गाडीतून नेऊन दाखवावं. त्या शेजाऱ्यालाही न्यावं. वॉल्टर माझ्याआधी गेला, तरी नाव रंगवावंच.

६. हे कोणी केलं, ते वॉल्टरला सांगू नये. मी माफ केलं असं तो समजेल, आणि त्याचा गैरसमज दूर करायला मी नसेन.

सही: बर्नडीन ओल्शेफ्स्की

आमच्यासमोर सही झाली:
मार्था गिल्हूली, शेजारीण
ड्वेन कापुस्ता, रंगारी

हार्लन्स फोर्ड, ९ सप्टेंबर १९८३