पाव वळसा

ता. ४ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.,

तुझी ताई जाऊन चार महिने झाले. माझी प्रकृती ठीक आहे. घरात बोलण्याचे प्रसंग कमी झाले आहेत, इतकेच. हे पत्र एका संशयावरून लिहितो. तो तुझ्यापाशीच राहावा.

मागच्या दारचे दहा बाय सात फुटांचे अंगण तुला ठाऊक आहे. आरेखक म्हणून मी जन्मभर इतरांच्या इमारतींचे नकाशे काढले. स्वतःसाठी आखली ती एवढीच जागा. भिंतीलगत तीन पायऱ्यांची मांडणी, वेल वर चढवलेले, कोपऱ्यात एक खुर्ची, एकवीस कुंड्या. इंचभरही जागा वाया नाही. तुझ्या ताईच्या पश्चात त्यांतली एकही हलू द्यायची नाही, असा माझा निश्चय आहे.

तरीही त्या हलतात. मोगऱ्याच्या कुंडीचा टवका उडालेला काठ एके दिवशी दाराकडे होता. तो भिंतीकडे गेलेला दिसला. तेव्हा मी प्रत्येक कुंडीवर आणि तिच्याखालच्या फरशीवर खडूने जुळत्या रेघा ओढल्या. शनिवारी वाचनालयातून परतलो, तो एकही रेघ जुळेना. दुसरी किल्ली वरच्या मजल्यावर सूनबाईकडे असते. एवढ्या जागेत वॉशिंग मशीन सहज मावेल, असे ती एकदा म्हणाली होती. कुंड्या उचलता येतील का, हे ती चाचपून पाहत असावी. काल मी किल्ली मागून घेतली. तिने कारणही विचारले नाही. निर्दोष माणूस कारण विचारतो.

तुझे मत स्पष्ट कळवावे.
तुझा भाऊजी

ता. १२ फेब्रुवारी

ती. भाऊजींना शि. सा. न.

पत्र वाचून आधी हसले, मग रडले. खडूच्या रेघा, भाऊजी! चोर पकडायला निघालात आणि घरच्या लेकीवर आळ घेतलात.

तुमच्या अंगणात ऊन एकाच बाजूने येतं, झाडं तिकडेच झुकतात. म्हणून तुम्ही शनिवारी वाचनालयात गेलात की ताई एकेक कुंडी पाव वळसा फिरवायची. पंचवीस वर्षं! झाडं सरळ वाढतात ती आखणीमुळे, असं तुम्ही पाहुण्यांना सांगायचात आणि ताई गालातल्या गालात हसायची. आजारपणात तिने हे काम माझ्यादेखत सूनबाईवर सोपवलं. तुम्हाला कळू द्यायचं नाही, नाहीतर वेळापत्रक करून भिंतीला टांगतील, असंही बजावलं. बिचारीने किल्ली दिली, पण शब्द मोडला नाही.

आता माझं ऐका, जिना चढा. रागावले आहे, पण माया आटलेली नाही.
तुमची धाकटी

ता. २२ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आल्यावरही मी लगेच विश्वास ठेवला नाही. काटकोनी पट्टी घेऊन अंगणात गेलो. दोन शनिवार चुकले होते. मोगरा उजेडाच्या बाजूला स्पष्ट कलला होता. पट्टी खोटे सांगत नाही.

काल जिना चढलो. क्षमायाचनेची वाक्ये मनात जुळवून नेली होती, पण दार उघडताच किल्लीच पुढे केली. सूनबाई म्हणाली की बाबा, आज शनिवारच आहे, चला. मी पहिली कुंडी उलट दिशेने फिरवली, तेव्हा ती खळखळून हसली. मोठी कुंडी फरशीवर बसून, गुडघे टेकवून फिरवायची असते. सासूबाईंनी तसेच शिकवले, असे तिने सांगितले. पण बसायचे कुठे? तिथे माझी खुर्ची होती. तुझी ताई दर शनिवारी ती आधी उचलून बाहेर ठेवत असे, आणि मी येण्यापूर्वी बरोबर जागच्या जागी.

आज नवा नकाशा काढला. खुर्ची काढून टाकली आहे. तिथे एका माणसाला फरशीवर बसता येईल एवढी जागा मोकळी सोडली आहे.

येशील तेव्हा शनिवार धरून यावे.
भाऊजी