बेचाळीस साली कोण जिंकलं?

पारोळा, १२ मार्च १९४६

आज दिवेलागणीला पुन्हा तेच. आईने देवापुढे निरांजन लावलं आणि धाकटा रामा तिच्या शेजारी मांडी घालून सुरू झाला. अमुक साली अमुक संघ, पाढ्यांसारखं, एका सुरात. सिंगापूरला जपान्यांच्या कैदेत तारेपलीकडच्या एका ऑस्ट्रेलियन शिपायानं त्याला हे शिकवलं. त्यांच्याकडच्या लांबट चेंडूच्या फुटबॉलात दरसाली कोण जिंकलं, ते. बेचाळीसच्या सुरुवातीलाच पकडला गेल्यानं पुढचं त्यालाही कळलं नव्हतं, आणि तो कैदेतच वारला. रामा तेवढा परत आला.

आईला वाटतं, हा मंत्रच. यानंच पोरगा वाचला. ती डोळे मिटून हात जोडते, शेवटी त्याच्या हातावर खडीसाखर ठेवते. तिला काय सांगू?

एकेचाळीसपाशी रामा थांबतो आणि माझ्याकडे बघतो. "भाऊ, बेचाळीसले कोन जिकनं?"

कुठून आणू मी? जळगावच्या वाचनालयात जुनी वर्तमानपत्रं चाळली. क्रिकेट सापडतं, हे नाही. धुळ्याला एका गोऱ्या साहेबाला विचारलं, तो नुसता हसला. बेचाळीस, बेचाळीस! डोकं उठलंय.

आज चिडलोच. म्हणालो, सांगणारा माणूसच राहिला नाही, आता तुला कशाला हवंय ते?

रामानं खडीसाखर मुठीत धरली.

"माले नको, भाऊ. त्याले सांगनं शे."