आठ दिवसांसाठी पाठव

रनाळे, ता. जि. नंदुरबार
१४ जानेवारी २०२६

चि. धर्मेंद्र यास,

ताईचा आशीर्वाद. मोठ्या बहिणीने तो द्यायचा असतो म्हणून दिला. आज संक्रांत, पण तिळगूळ पाठवत नाही. पुढे जे लिहिणार आहे ते गोड नाही, उगाच तिळाचा अपमान नको.

कागदावर का लिहिते, असं वाटेल तुला. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. माझं एक वाक्य पुरं होईपर्यंत 'ताई, ऐक ना, तू समजून घे ना' असं तुझं सुरू होतं. आणि मी अहिराणीत बोलले की शेजारी कोणी ऐकत असल्यासारखा तुझा आवाज बारीक होतो. कागदाला तुला मध्येच तोडता येणार नाही.

इकडे ठीक आहे. पपईवर यंदाही व्हायरस आला, निम्मी झाडं उपटली. मिरची मात्र बरी आहे, तिसरा तोडा झाला. नथ्थू आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता त्यांना लांबचं स्पष्ट दिसतं, त्यामुळे गावाच्या चौकशा दुप्पट झाल्या. परवा ओट्यावर येऊन म्हणाले, "निर्मला, लोकेस्नी पोर कितला दिन संभाळशी तू?" मी म्हटलं, आबा, चहा घ्या.

तू विचारलं नाहीस तरी सांगते. रमिला बरी आहे. 'आयरा' म्हणून हाक मारली तर ती वळून बघत नाही. ते नाव तुम्ही कॅलगरीला विमान उतरायच्या आधीच ठरवलं होतं, जशी नव्या गाडीची नंबर प्लेट ठरवतात. पोरीला आईबापाकडून मिळालेली एकच वस्तू उरली होती. आई ऊसतोडीच्या फडात वारली, बाप त्याच्या आधी. उरलं होतं फक्त नाव. तेही तुला अडचणीचं वाटलं. तुझ्या मित्रांना उच्चारायला जड जातं म्हणे. 'धर्मेंद्र' त्यांना कसं जमतं?

तुमची दत्तक लेक म्हणून ती संस्थेतून निघाली तो दिवस मला लख्ख आठवतो. पोरीला दोन्हीकडून धरून तुम्ही दारात किती फोटो काढले! सहा वर्षांचं लेकरू उन्हात डोळे बारीक करून उभं, आणि सीमा सारखी म्हणते, "स्माईल, बेटा, स्माईल." संध्याकाळपर्यंत ते फोटो जगभर गेले. खाली तू लिहिलं होतंस, 'आमच्या काळजाचा तुकडा'. पुढे तिथल्या मराठी मंडळात तुझं भाषण झालं, ते तू मला ऐकायला पाठवलंस. वीस मिनिटांत सातपुडा, कुपोषण, माणुसकी सगळं आलं. मुलीला काय आवडतं, ते मात्र एकदाही आलं नाही.

मग तक्रारी सुरू झाल्या. उशीच्या खोळीत पोळी लपवते. अंथरूण ओलं करते. मिठी मारली की लाकडासारखी होते. पाहुण्यांसमोर टेबलाखाली जाऊन बसते. सीमा रडत म्हणाली, "ताई, आम्ही इतकं करतो, पण ती प्रेमच देत नाही हो." मला तेव्हा हसू आलं होतं, ते मी दाबलं. आता दाबत नाही. दोन पगारांचं घर, गरम पाण्याचे नळ, बर्फात घालायचे बूट, आणि हिशेब काय, तर एका उपाशी पोरीने अजून प्रेमाची पावती फाडली नाही.

दिवाळीला तुम्ही आलात. तेव्हा 'थोडे दिवस राहू दे, वातावरण बदललं की सेटल होईल' असं म्हणालास. भाऊबीजेला ओवाळून घेतलंस, ताटात साडी टाकलीस. तुम्ही रविवारी निघणार असं ठरलं होतं. शनिवारी मी तिला मळ्यात घेऊन गेले, परत आले तर ओट्यावर तिची बॅग, आणि तुम्ही सुरतेच्या वाटेला लागलेले. तिला सांगून जायचं धाडस दोघांत मिळूनही नव्हतं. एका पोरीला घाबरून पळालात. ती रडली नाही, एवढंच तुला सांगून ठेवते. बॅग उघडून आतले कपडे तिने एकेक करून कॉटवर मांडले आणि मला विचारलं, "हे इथेच ठेवायचे का?"

तेव्हापासून ती इथे आहे. शाळेत जाते. अंथरूण आता ओलं होत नाही. पोळी अजून लपवते. मी तिला झाकणाचा डबा दिला, म्हटलं, यात ठेव, मुंग्या लागणार नाहीत. झालं. त्याला तिकडे कुणी डॉक्टर लागला होता ना?

आता तुझ्या फोनचं.

तू बोललास ते मी विसरले असं दाखवलं, कारण मला वेळ हवा होता. त्या दिवशी मी नंदुरबारला मार्केटात मिरची घेऊन गेले होते. शाळेला सुट्टी होती म्हणून रमिला बरोबर होती. पुतण्या दिनेशच्या पिकअपमध्ये आम्ही दोघी पुढे बसलो होतो. माझे हात मिरचीने माखलेले, म्हणून फोन स्पीकरवर टाकला.

तुझे शब्द जसेच्या तसे लिहिते, म्हणजे नंतर 'मी असं म्हणालोच नाही' नको.

"ताई, सोशल वर्करची व्हिजिट आहे. तिला मुलगी घरात दिसायला पाहिजे. आठ दिवसांसाठी पाठव. मी तिकीट काढतो, सोबत ओळखीचे लोक आहेत. व्हिजिट झाली की परत आणून सोडतो."

मी म्हटलं, "आणि तिला काय सांगायचं?"

तू म्हणालास, "तिला काय कळतंय? सांग, फिरायला चाललो."

धर्मा, ती माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर पेरूची पिशवी घेऊन. तिला मराठी कळतं, हे तुला माहीत आहे. तुझ्याच घरात शिकली ती.

मी फोन बंद केला. काट्यावरच्या तोलाईवाल्याने हाक मारली म्हणून खाली उतरले. परत आले तर गाडीत पेरू होते, पोर नव्हती.

पुढचं मी तुला सांगणार नव्हते. तुझ्या माहितीत हे असू नये, असंच वाटत होतं. पण तुझ्यासारख्याला न सांगितलेली गोष्ट घडलीच नाही असं वाटतं.

आम्ही मार्केट पालथं घातलं. दिनेश रिक्षा स्टँडकडे पळाला, मी स्टेशनकडे. फलाटावर सुरतेकडची गाडी उभी होती. डब्याडब्यात वाकून मी तिचं नाव घेत होते आणि लोक मला भिकारीण समजून बाजूला होत होते. गाडी सुटली. ती गाडीत असेल तर? तिथेच बाकावर बसले आणि तुला शिव्या दिल्या. मोठ्याने. आपल्या आईने ऐकल्या असत्या तर माझ्या थोबाडीत मारली असती, मग तुझ्या.

दिनेशचा फोन आला. मिरचीच्या पथारीवर सापडली होती. गावाबाहेर ओल्या मिरच्या वाळत घालतात ते मैदान, तुला आठवत असेल. नाहीतर त्याचाही फोटो पाठवते. सगळीकडे लाल, ठसका बसेल असा वास, आणि देठ खुडणाऱ्या बाया. त्यांच्यात एक तापीबाई, धडगावकडची. रमिला तिच्या पदराला धरून बसलेली आणि तिच्याशी पावरीत, आपल्या आईच्या बोलीत, बोलत होती. इतके दिवस ती भाषा विसरली असंच मला वाटत होतं. थांबत, अडखळत, पण बोलत होती.

"रडी ऱ्हायनी व्हती," तापीबाई म्हणाली. "मन्हाजोडे ईसन बठनी." मग माझ्याकडे वरून खाली पाहून तिने पोर कुणाची म्हणून विचारलं, "हाई कोनी पोर शे?"

रमिला मान वर करून बघत होती. मी काय म्हणते ते तिलाही ऐकायचं होतं.

"मन्ही शे," मी म्हटलं.

तापीबाईने तिचा हात सोडवून माझ्या हातात दिला. येताना गाडीत रमिला एवढंच म्हणाली, "मी फिरायला जाणार नाही." मी म्हटलं, "नको जाऊस."

१९ जानेवारी

पत्र पाच दिवस तसंच ठेवलं होतं. कारण आज आम्ही नंदुरबारला बालकल्याण समितीपुढे गेलो. मी स्वतःहून गेले. तू काय केलंस, कधी केलंस, आणि आता काय करायला सांगतोस, ते सगळं सांगितलं. तिथल्या मॅडम शांतपणे ऐकत होत्या. तुझी भाषणंबिषणं मी काढली नाहीत. तेवढी तरी लाज मी राखली.

मग त्यांनी रमिलाला जवळ बोलावून विचारलं, "तुला कुठे राहायला आवडेल?"

ती म्हणाली, "इथे. पण आधी आत्याला विचारा."

कळलं तुला? हे तुम्ही शिकवलंत तिला. आठ वर्षांच्या पोरीला माहीत झालंय की आपल्याला काय हवं ते बोलून उपयोग नाही, समोरच्याला आपण हव्या आहोत का ते आधी विचारून घ्यावं.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली. दिनेशचे काका गेले तेव्हा मी रडले नव्हते, शेत पाण्यात गेलं तेव्हा रडले नव्हते. त्या हॉलमध्ये सरकारी खुर्चीवर बसून रडले. मला ती हवी आहे, धर्मेंद्र. दया म्हणून नाही, तुझं निस्तरायचं म्हणूनही नाही. सकाळी चुलीपाशी येऊन ती माझ्या पाठीला पाठ लावून बसते, ते मला हवं आहे.

सध्या ती माझ्याकडे राहील, असं समितीने सांगितलं. तुमच्या देशातल्या अधिकाऱ्यांना रीतसर कळवलं जाईल, तुम्हाला बोलावणं येईल. पुढे दत्तकाचा अर्ज मी करणार आहे. एकटी बाई, वय झालेलं, त्यात मुलगी कागदोपत्री परदेशात गेलेली; वेळ लागेल, कदाचित नाही म्हणतील, असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं. मी म्हटलं, लागू दे.

तू म्हणशील, ताईने माझं नाव खराब केलं. सोशल वर्कर येईल तेव्हा घरात मुलगी दिसायला पाहिजे होती ना? एक मोठी खोली आणि रिकामा पलंग दाखव. खरं तेवढंच आहे.

आलास तर ये, भाऊ म्हणून जेवायला वाढीन. तिच्यासमोर उभं राहून तुला जे बोलायचं असेल ते बोलायला लागेल, सीमालाही. तेवढं जमणार नसेल तर तिकीट काढू नका.

बहीणभावाचं नातं मोडायला कुठली समिती नाही. असती तर आज एक अर्ज जास्त केला असता.

रमिलाची,
निर्मला